मथळ्यातून गळालेला उंदीर : मराठी आरोग्य-पानांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिके, साप्ताहिके आणि वृत्तवाहिन्या यांच्या आरोग्य व विज्ञान विभागांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या कोणालाही न सांगता बंद केल्या. त्यांचे वय ७४ आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत आणि दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचे मनगट मोडले होते. गोळ्या बंद असल्याचे मला तीन महिन्यांनी कळले, तेही त्यांच्या औषधांचा डबा आवरताना. विचारले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचे जपून ठेवलेले कात्रण माझ्यापुढे केले आणि म्हणाल्या, "कॅल्शियमने मेंदू म्हातारा होतो असं छापून आलंय. हाड मोडलं तर जुळतं, डोकंच गेलं तर मी काय करू?" मथळा खरोखरच त्या अर्थाचा होता. हा प्रयोग उंदरांवर झाल्याचे बातमीच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एका वाक्यात लिहिलेले होते, आणि 'कॅल्शियम चॅनल' या जोडशब्दातला 'चॅनल' मथळ्यापर्यंत येता येता कुठेतरी गळून पडला होता.

ते वर्तमानपत्र कोणते हे मी येथे लिहीत नाही, कारण अशी बातमी कोणा एकाच ठिकाणी येते असा माझा अनुभव नाही. मी ३१ वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि चेतापेशींतील कॅल्शियम हा माझा आवडीचा विषय राहिला. म्हणूनच वन्संच्या कात्रणाने मला दुहेरी वाईट वाटले : एक तर त्यांच्या हाडांचे नुकसान झाले, आणि दुसरे म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतील अतिशय सुंदर अशा एका संशोधनाची ओळख त्यांना भीतीच्या रूपाने झाली. त्या संशोधनात नेमके काय आहे, ते थोडे विस्ताराने सांगूनच मी माझ्या विनंतीकडे येते.

गोळीतून पोटात जाणारे कॅल्शियम आणि चेतापेशीत शिरणारे कॅल्शियम हे मूलद्रव्य एकच असले, तरी या दोन घटना एकमेकींपासून फार लांब आहेत. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातील त्याचे प्रमाण परावटू ग्रंथींचे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व यांच्या देखरेखीखाली दर १०० मिलिलीटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात राखले जाते. खाण्यातून कॅल्शियम कमी पडले तर शरीर ही पातळी खाली येऊ देत नाही, ते हाडांतील ठेव मोडते. म्हणजे वन्संनी गोळ्या सोडल्या त्याने त्यांच्या मेंदूतील कॅल्शियम कमी झाले नाही, झीज झाली असेल तर ती हाडांचीच.

चेतापेशीचा हिशेब निराळा आहे. पेशीच्या बाहेर जितके मुक्त कॅल्शियम असते त्याच्या सुमारे दहा हजारांश इतकेच शांत पेशीच्या आत असते, आणि ही तफावत टिकवण्यासाठी पेशी अहोरात्र पंप चालवून कॅल्शियम बाहेर फेकत असते किंवा आतल्या कोठारांत भरत असते. एवढा खटाटोप अशासाठी, की पेशीसाठी कॅल्शियम हा निरोप आहे. विद्युतदाब बदलला की पेशीच्या आवरणातील विशिष्ट प्रथिनांची दारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत धावते, आणि त्या निरोपावरून पेशी रसायन सोडते, जनुके चालू करते, दोन पेशींमधील जोडणी घट्ट किंवा सैल करते. हीच दारे म्हणजे कॅल्शियम चॅनल. त्यांचे अनेक प्रकार आहेत. वार्धक्याच्या संदर्भात सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला प्रकार 'एल' या अक्षराने ओळखला जातो, आणि मेंदूत त्याचे दोन सदस्य महत्त्वाचे आहेत : सीएव्ही १.२ आणि सीएव्ही १.३. यांतील पहिला हृदयात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतो, हे कृपया लक्षात ठेवावे, कारण पुढे रक्तदाबाच्या गोळ्यांचा विषय यायचा आहे.

म्हातारपणाशी या दारांचा संबंध जोडणारा एक मोठा पुरावा १९८४ साली फिलिप लँडफिल्ड आणि त्यांचे सहकारी पिटलर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशी संदेशांची एक सर सोडून झाल्यावर काही काळ दम खाते. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे पोटॅशियमची दारे उघडतात आणि पेशी थोडा वेळ गप्प राहते. म्हाताऱ्या जनावरांत ही गप्प राहण्याची वेळ लांबलेली त्यांना दिसली. ज्या पेशीला पुढचा निरोप पटकन घ्यायचा आहे तिचा दम असा लांबला, तर नवे शिकणे मंदावेल, ही कल्पना साधी आणि तपासता येण्याजोगी होती. त्याच दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतील झावेन खाचातुरियन यांनी मेंदूच्या वार्धक्यामागे कॅल्शियमचा बिघडलेला ताळमेळ असावा असे गृहीतक मांडले. १९८९ साली जॉन डिस्टरहॉफ्ट यांच्या गटाने म्हाताऱ्या सशांना निमोडिपिन हे एल-चॅनल रोखणारे औषध दिले. आवाज झाला की लगेच डोळ्यावर हवेचा झोत येतो हा संबंध ते ससे औषधाविना ठेवलेल्या म्हाताऱ्या सशांपेक्षा लवकर शिकले. १९९६ साली थिबो आणि लँडफिल्ड यांनी म्हाताऱ्या जनावरांच्या हिप्पोकॅम्पसमधील एकेका चॅनलची विद्युत-नोंद घेऊन दाखवले, की वयाबरोबर या चॅनलांची दाटी वाढते आणि ज्यांच्यात ती अधिक, ते जनावर पाण्याच्या हौदातील लपलेला चौथरा शोधण्यात अधिक मागे पडते.

वर मी 'जनावर' असा मोघम शब्द मुद्दाम वापरला आहे. १९८४ आणि १९९६ चे हे प्रयोग रॅटवर झाले होते, माउसवर नव्हे. मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो (घूस हा तर तिसराच प्राणी), त्यामुळे बातमीत हा फरक उमटतच नाही. प्रयोगशाळेत मात्र हे दोन प्राणी भिन्न आहेत, आकाराने, स्वभावाने आणि शिकण्याच्या तऱ्हेनेही. मराठीत सोय नाही म्हणून फरक सोडून देण्यापेक्षा 'रॅट जातीचा मोठा उंदीर' आणि 'माउस जातीचा छोटा उंदीर' असे लिहायला चार शब्द जास्त लागतील, एवढेच.

छोट्या उंदराची खरी ताकद वेगळ्या ठिकाणी आहे : त्याचे एकच जनुक, मेंदूच्या एकाच भागात, हवे तसे काढता किंवा वाढवता येते. मिशिगन विद्यापीठातील जेफ्री मर्फी यांच्या गटाने या ताकदीचा चांगला उपयोग केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी पुढच्या मेंदूतील चेतापेशींत सीएव्ही १.३ जास्तीचे तयार होईल असे उंदीर घडवले. जनावर म्हातारे होईपर्यंत दोन-दोन वर्षे थांबण्याऐवजी म्हाताऱ्या मेंदूचे एक लक्षण तरुण उंदरातच उभे करून पाहावे, असा तो विचार होता. पण त्याच गटाचे २००८ चे काम मला त्याहून महत्त्वाचे वाटते. त्यात पुढच्या मेंदूतील सीएव्ही १.२ काढून टाकलेले उंदीर हौदातील जागा शिकले खरे, मात्र महिनाभराने ती आठवण त्यांच्यात टिकलेली दिसली नाही. ज्या जातीचे दार म्हातारपणी जास्त उघडले तर शिकण्यात अडथळा येतो, तेच दार मुळात नसले तर दूरची आठवण पुसट होते. 'कॅल्शियम वाईट' किंवा 'चॅनल बंद करा' असा मथळा या दोन निष्कर्षांवर एकाच वेळी बेतून दाखवावा. तो बेतता येत नाही. अर्थात दारे हीच सारी कथा आहे असेही नाही. केंटकी विद्यापीठातील गटाने २०१५ साली म्हाताऱ्या रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशीच्या आतल्या कॅल्शियम-कोठारांची गळती आवरणारे एक प्रथिन वाढवून त्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दाखवली होती, तेव्हा दाराइतकेच कोठारही महत्त्वाचे आहे.

आता माणसांकडे येते, कारण आपल्या पानांवर सर्वांत कमी जागा मिळते ती याच भागाला. २००७ साली शिकागोतील जेम्स सरमायर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवले, की कंपवातात ज्या चेतापेशी मरतात त्या उंदरांत वयाबरोबर सीएव्ही १.३ वर अधिकाधिक अवलंबून राहू लागतात, आणि इस्राडिपिन या औषधाने ते दार रोखले तर पेशी जणू तरुणपणीच्या पद्धतीने चालू लागतात व विषारी रसायनापासून बचावतात. निष्कर्ष देखणा होता, औषध आधीपासून रक्तदाबासाठी वापरात होते, म्हणून ते माणसांत तपासणे योग्यच होते. ३३६ रुग्णांना ३६ महिने इस्राडिपिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन काळजीपूर्वक चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचे उत्तर आले : आजाराची गती मंदावली नाही. अल्झायमरसाठी निल्वाडिपिन या त्याच कुळातील औषधाची चाचणी युरोपातील नऊ देशांत ५११ रुग्णांवर १८ महिने चालली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षातही सौम्य ते मध्यम आजाराच्या रुग्णांची बौद्धिक घसरण थांबली नाही.

यावरून उंदरांवरचे काम चुकीचे होते असे मी म्हणत नाही. उंदराला प्रयोगात दिलेली मात्रा आणि माणसाला रक्तदाब फार न घसरवता देता येणारी मात्रा यांत अंतर असते. माणसाला आजार कळतो तेव्हा पेशींचा मोठा भाग आधीच गेलेला असतो, उंदराला मात्र औषध बहुधा इजेच्या आधीच मिळते. उंदरांना निसर्गतः अल्झायमर होत नाही, त्यांच्या मेंदूत माणसाची जनुके घालून त्याची एक बाजू उभी करावी लागते. प्रत्येक 'का'मागे अभ्यासाचा विषय आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की चाचणीचा नकार हाही शिकण्याचाच भाग आहे. मला खंत आहे ती अशी, की उंदराच्या यशाची बातमी मराठीत मी अनेकदा वाचली, पण या दोन चाचण्यांच्या नकाराची बातमी वाचल्याचे मला आठवत नाही. वाचकाच्या मनात त्यामुळे पहिले अर्धेच वाक्य राहून जाते.

त्या अर्ध्या वाक्याची किंमत कोण देते, तेही सांगते. अम्लोडिपिन ही आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली बीपीची गोळी आहे, आणि तिच्या गटाचे नावच 'कॅल्शियम चॅनल रोखणारी औषधे' असे आहे. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील एल-चॅनल रोखते, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. 'चॅनल रोखल्याने मेंदू तरुण राहतो' असे वाचून माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी ही गोळी दोनदा घ्यायचे ठरवले होते. त्यांच्या सुनेने मला फोन केला म्हणून ते थांबले. नेमकी उलटी बातमी वाचून गोळी सोडणारेही असतील. याच गटाची गोळी घेताना दूध-दही चालते का, असे विचारणारे तर मला नेहमी भेटतात, कारण 'कॅल्शियम रोखणारी' या नावाने त्यांना जेवणातले कॅल्शियम दिसते. रक्तदाब अचानक चढणे किंवा फार उतरणे म्हाताऱ्या मेंदूला किती महाग पडते हे आपल्या वाचकांतील अनेकांनी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

आपल्या देशात ६० वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने दिला. यांतील प्रत्येकामागे आशेने वर्तमानपत्र उघडणारे एक घर आहे. वडील आपल्याला ओळखत नाहीत अशी सकाळ ज्या मुलाने पाहिली आहे, तो 'स्मृती परत आणणारे औषध सापडले' हा मथळा कोणत्या मनाने वाचत असेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने करावा, एवढी माझी कळकळ आहे.

दोष एकट्या पत्रकारांचा नाही, हे मी माझ्या क्षेत्राच्या वतीने मान्य करते. २०२१ साली 'प्लॉस बायॉलॉजी'मध्ये ट्रायनफॉल आणि गुव्हेया यांनी अल्झायमरसंबंधीचे, उंदरांवर आधारलेले, २०१८ व २०१९ मधील ६२३ शोधनिबंध तपासले. ज्या निबंधांच्या शीर्षकातच शास्त्रज्ञांनी उंदराचा उल्लेख टाळला होता, त्यांच्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही उंदीर गायब झालेला त्यांना आढळला, आणि अशा निबंधांची समाजमाध्यमांवर चर्चाही अधिक झाली होती. म्हणजे चूक प्रयोगशाळेच्या दारातच सुरू होते. तरीही ती वाचकाच्या हातात पडण्याआधीचा शेवटचा उंबरठा आपला आहे, म्हणून विनंती आपल्याला.

विनंती अशी. प्रयोग उंदरावर झाला असेल तर 'उंदरांत' हा शब्द मथळ्यातच असावा, कारण पुष्कळ वाचक मथळ्यापलीकडे जात नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जातो तो मथळाच. उंदराचे वय लिहावे. दोन-तीन महिन्यांचा उंदीर तरुण असतो आणि १८ ते २४ महिन्यांचा साधारणपणे माणसाच्या ५६ ते ६९ वर्षांशी तोलला जातो. मेंदूच्या वार्धक्याची बातमी तरुण उंदरावरून लिहिली गेली असेल तर ते वाचकाला कळायला हवे. नर की मादी, आणि प्रत्येक गटात किती, हेही एका ओळीत येते. चाचणी कोणती होती हे विचारावे, कारण तिथेच कधीकधी खरी मेख असते : प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७ ब्लॅक ६ या काळ्या उंदरांना वयाबरोबर ऐकू येईनासे होते. म्हणून आवाजावर आधारलेल्या चाचणीत म्हातारा उंदीर नापास झाला तर त्याची स्मृती गेली की कान गेले, हे शास्त्रज्ञांना वेगळे तपासावे लागते. हौदातील चाचणीतही म्हातारे जनावर हळू पोहते आणि लवकर गारठते. चांगल्या शोधनिबंधात या तपासण्या असतात; बातमीसाठी शास्त्रज्ञाला फोन केला तर तो आनंदाने सांगेल.

औषधाच्या बातमीत एक वाक्य कायमचे असावे, की चालू असलेली कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये. आणि ते वाक्य शेवटी बारीक टाइपात न टाकता बातमीच्या पहिल्या दोन परिच्छेदांत असावे. आपण ज्या संशोधनाची आशादायक बातमी दिली, त्याची माणसांवरील चाचणी अपयशी ठरली तर ती बातमीही त्याच पानावर द्यावी. परदेशी वृत्तसंस्थेचा किंवा विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकाचा मजकूर भाषांतरित करताना मूळ शोधनिबंधाचा निदान सारांश उघडून पाहावा, कारण कोणता प्राणी वापरला ते बहुतेक वेळा तिथे पहिल्या काही ओळींत लिहिलेले असते. चूक झाल्यास दुरुस्ती मूळ बातमीइतक्याच ठळकपणे द्यावी. वन्संच्या कात्रणाची दुरुस्ती आली होती की नाही, हे शोधायला मी त्या महिन्याचे सगळे अंक चाळले. मला ती सापडली नाही.

वेळेची ओढाताण आणि अपुरे मनुष्यबळ या आपल्या अडचणी मला माहीत आहेत. म्हणून केवळ तक्रार करून थांबत नाही. माझ्यासारखे निवृत्त अध्यापक महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय आणि विज्ञान महाविद्यालयांच्या गावी आहेत, आणि छापण्यापूर्वी एखादी बातमी वाचून द्यायला त्यांपैकी अनेक जण मानधनाविना तयार होतील, याची मला खात्री आहे. मी स्वतः तयार आहे. रात्री उशिरा पाठवलात तरी चालेल, मी जागी असते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शरीरक्रियाशास्त्र अध्यापिका